सगळे रिपोर्ट चांगले आले तेव्हा

मुलांनो, हे आत्ताच लिहायला घेतलं, कारण परवा फोनवर ताई दबक्या आवाजात म्हणाली, "आजी, ताप जाऊन तीन महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत, तरी दोन जिने चढले की झोपावं लागतं. मी आळशी झालेय का गं?" मी "होईल बरं" म्हणून फोन ठेवला. ते उत्तर अपुरं होतं. धाकट्यानेही हे वाचावं. थकलेल्या माणसाच्या घरातल्यांनाही हे माहीत हवं. सावकाश वाचा, अडलं तर बाबांना विचारा.

मला झालेला कोरोना फार जोराचा नव्हता. चौदा दिवस मी मागच्या खोलीत होते आणि आजोबा दाराशी ताट ठेवून जात. ताप गेला, चव परत आली, थकवा मात्र राहिला. चार पोळ्यांची कणीक मळली की हात भरून येत. बोलता बोलता साधा शब्द हरवे. सांडशी मागायची तर "ते, पातेलं उचलायचं" असं म्हणावं लागे. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, ईसीजी झाला. मी सगळे कागद तारखेप्रमाणे फाईलला लावले. इकडचे डॉक्टर हिंदी बोलणारे. ते म्हणाले, "आंटीजी, सब नॉर्मल है. टेन्शन मत लीजिए."

आजोबांची सारी नोकरी फॅक्टरीच्या मशीन शॉपमध्ये गेली. तपासणीत पास झालेली वस्तू त्यांच्या लेखी पास. त्यांच्यापुरता विषय तिथेच संपला.

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला मी रेशमी साडी नेसले, दोन तास उभी राहून वाण दिलं, तिळगूळ दिला. शेजारीण म्हणाली, "काकू, तुम्ही तर ठणठणीत दिसून राहिल्या!" आजोबा आतून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना.

"काहून पडून राहिलीस?" आजोबांनी विचारलं.

"थकून राहिले हो."

"अच्छा! पाहुणे असले की बरी, गेले की आजारी."

ते हसले, मीही हसले. पण ते मनाला लागलं. ज्या माणसाबरोबर सारा संसार केला, त्यालाच आपलं खरं वाटत नाही, याहून एकटं मला कधी वाटलं नव्हतं. मग मी सांगणंच सोडलं. ते बाजारात गेले की पडायचं, फाटक वाजलं की उठून ओट्याशी उभं राहायचं. हळूहळू मलाही वाटू लागलं, सारं मनाचंच असेल.

अशाच एका दुपारी पडल्या पडल्या मोबाईलवर एक इंग्रजी लेख वाचला. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवलेली ही भाषा त्या दिवशी माझ्या कामी आली. काही संशोधकांना अशा रुग्णांच्या रक्तात अगदी बारीक गुठळ्या दिसल्या होत्या. त्या सहज विरघळत नाहीत. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकत असतील, तर पुढच्या भागाला प्राणवायू कमी पोचत असेल, असा त्यांचा अंदाज होता. नेहमीच्या तपासण्यांत त्या दिसत नाहीत. सगळ्यांना हे पटलेलं नाही, असंही लेखात होतं.

संध्याकाळी आजोबा इथल्या जवळच्या पाटन गावाकडचा मटार सोलत बसले होते. मी त्यांना हे सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"आमच्याकडे लोखंड कातायचा एक लेथ होता," ते म्हणाले. "त्याचं कातायचं टूल सारखं जळायचं. थंड ठेवायचं पाणी सोडलेलं, पंप ठीक, प्रेशर ठीक. चालवणारा रोज सांगे, साहेब, पाणी टोकापर्यंत येत नाही. शेवटी नळी खोलली, तर तोंडाशी लोखंडाचा बारीक कीस बसलेला."

"मग?"

"मग काय. तोवर महिनाभर आम्ही त्याला कामचोर म्हणून राहिलो होतो."

उरलेला मटार त्यांनी सोलून संपवला. सकाळी फणी घेऊन ते माझ्या मागे बसले आणि अशी वेणी घातली की कपाळ ताणलं.

"हळू हो, बोल्ट नाही तो!"

"ढिली राहिली तर सुटते," ते म्हणाले.

त्यानंतर ते मला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि थेट रक्त पातळ करायचं औषध मागू लागले. डॉक्टरांनी समजावलं, "अंकल, ये अभी रिसर्च की बात है. ये दवा यूँ ही नहीं देते, ब्लीडिंग हो सकती है." मात्र या वेळी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि थकायच्या आधीच थांबत जा म्हणून सांगितलं. तेव्हा ताई, माझ्या रक्तात तशा गुठळ्या आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. कोणी पाहिलेलं नाही. तूही मनाने कुठलं औषध घेऊ नकोस. लसणाने रक्त पातळ होतं म्हणून आजोबांनी बारा दिवस उपाशीपोटी लसूण खायला लावला, त्याने फक्त पित्त झालं. डॉक्टरांना पुन्हा भेट, आणि पाहुण्यांसमोरचे नाही, दुसऱ्या दिवशीचे हाल सांग.

माझा थकवा कमी झालाय, गेलेला नाही. कधी कधी शब्द अजून अडतात. एवढं लिहायला पाच सकाळी लागल्या. रोज चहा झाल्यावर आजोबा विचारतात, आज कितपत जमेल, आणि जेवढं जमणार असेल तेवढंच मी सांगते.