दिवाळी अंकातलं नाव

आणीबाणीच्या साली आमच्या वाशिमच्या दिवाळी अंकात तिची कथा मी पुरुषाच्या नावानं छापली. ती अनसिंगला शाळेत मास्तर होती आणि गावाच्या लेखी पुरुषच होती. अंगात शर्ट-पँट असायची, पण छापखान्याच्या पायऱ्या चढताना पँट अशी चिमटीत धरायची, की निऱ्याच सावरतेय असं वाटावं. कथेखाली तिनं बाईचं नाव लिहिलं होतं. कथा लवकर छापून यावी म्हणून बाईचं नाव लावणारे लेखक मी पुष्कळ पाहिले होते. संपादकी हुशारी दाखवत मी मास्तरांचं शाळेतलं नाव टाकलं.

अंक आले तेव्हा ती रागावली नाही. बाकावर रुमाल पसरून बसली आणि गठ्ठ्यातल्या एकेका अंकात ते नाव खोडून शेजारी आपलं नाव वळणदार अक्षरात लिहू लागली.

मी घाबरलो. "मास्तर, गावात लोक वाचतीन. नोकरी जाईन तुमची!"

"वाचू द्या. त्याच्यासाठीच त लिवलं."

"मंग हे टोपणनाव नाही, हे मले आधी सांगाचं ना!"

तिचं पेन थांबलं. "अख्ख्या कथेत तेच त सांगतलं, का मी बाई आहो. भाऊ, तुमी कथा न वाचताच छापता काय?"