टाळ्या तिच्या, नेता माझा

फ्रान्समधला तो मध्यममार्गी नेता निवडणूक हरल्याची बातमी आज फोनवर आली आणि ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीतली एक दुपार आठवली. त्याच्या कारकिर्दीवर आम्हा दोघींचं प्रेझेंटेशन होतं. तीन आठवडे वाचून सगळं मी लिहिलं, पण बोलायला माझी वसईची रूममेट, कारण तिचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. खिडकीतून समुद्राचा खारट वारा येत होता. डाव्या-उजव्यांना सांभाळत हा माणूस पडूनही पुन्हा मंत्री कसा झाला, हे ती माझ्याच वाक्यांत सांगत होती आणि माझ्या विनोदांवर वर्ग हसत होता. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, “लिहिलंय सगळं हिनेच.” शिक्षिकेने तिच्या या मोठेपणाचंही कौतुक केलं. रूममेट गप्प बसली असती, तर मला निदान भांडता आलं असतं. आज तो हरल्याचं वाचून मला बरं वाटलं. त्या बिचाऱ्याने माझं काय वाकडं केलं होतं?