पिसाळलेली, लाडकी आणि चावकी

कुत्र्यांच्या कोंडवाड्यात मी सतरा वर्षं काढली. शाळा चौथीपर्यंत, म्हणून झाडलोट, खाणं घालणं आणि रजिस्टर लिहिणं, तिन्ही माझ्याच गळ्यात! बायका जमल्या की म्हणतात, "आक्का, सांग की एखादं." एखादं कुठलं? एक ओढलं की मागनं चार येतात, भुंकतच.

नियम साधा. धरून आणलेलं कुत्रं तीन दिवस ठेवायचं. कुणी नेलं तर नेलं, नाहीतर मंगळवारी डॉक्टर इंजेक्शन द्यायचे आणि डोकं मी धरायची. पिसाळलेलं असेल तर मात्र लगेच.

हे लोकांना कळलं आणि नको झालेलं प्रत्येक कुत्रं पिसाळायला लागलं! पेठ वडगावचा एक जण दोरीनं ओढत घेऊन आला. "लांब ऱ्हावा, पिसाळलंय!"

मी पाण्याची लोखंडी पाटी पुढं सरकवली. कुत्र्यानं पाटी चाटून कोरडी केली आणि शेपूट हलवली.

"पावणं, कुत्रं बरं हाय. तुमचं बघा!"

दोरीसकट परत पाठवला.

*

वारणानगरहून एक साहेब आले. बदली झालेली. कुत्र्याला आंघोळ, अंगाला पावडर. साहेब रडायलाच लागले. "बाई, पोटच्या पोरासारखा वाढवलाय हो!" मलाही भरून आलं. फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. मला वाटलं, नेतायत!

"तेवढी साखळी द्या. नवीन आहे."

दिली. दुसऱ्या दिवशी गडमुडशिंगीच्या एका म्हातारीनं कुत्रा नेला, सुतळी बांधून.

*

उपाशी कुत्र्याला सुई टोचू द्यायची नाही, हा माझा नियम. हुसेनचाचा खाटीक रोज हाडं द्यायचे. मंगळवारी विचारायचे, "आक्का, आज सुई हाय?" मी हो म्हटलं की हाडं बाजूला आणि मांडीचं चांगलं मटण कापून द्यायचे. एकदा डॉक्टर सोबत होते. म्हणाले, "चाचा, असलं मटण मलासुद्धा मिळत नाही!"

"तुमचाबी मंगळवार येऊ द्या की, साहेब!"

*

सायकल दुकानवाल्या तात्याच्या पोटरीला एक बेवारशी कुत्रं चावलं. कुत्रं आमच्या पिंजऱ्यात आलं, तसा तात्या अर्ज घेऊनच आला. "ह्येला आत्ताच्या आत्ता मारा!"

डॉक्टर म्हणाले, "चावलेलं कुत्रं दहा दिवस ठेवावंच लागतं. त्यात मेलं, तर तुमच्या पोटात चौदा इंजेक्शनं. जगलं, तर एकही नाही."

तात्यानं गजांतून कुत्र्याकडं नीट निरखून बघितलं.

त्या दिवसापासून दोन्ही वेळ हजर! "आक्का, खाल्लं का? नाक गरम लागतंय बघा!" दुसऱ्या दिवशी दूध, पाचव्या दिवशी खारी, सातव्या दिवशी घरातलं घोंगडं.

मी म्हटलं, "तात्या, बायकोच्या बाळंतपणात एवढं केलं व्हतं काय?"

"ती चावली न्हवती."

दहावा दिवस. डॉक्टर म्हणाले, "सुटलात! कुत्रं ठणठणीत आहे." आणि सुई भरायला घेतली.

तात्याचं तोंड उतरलं. "अर्ज माघारी घेतो. घरी न्हेतो त्येला."

"चावकं कुत्रं कुणाला देता येत नाही. वरचा हुकूम आहे. दहा दिवस भरले, माझ्या हातात काही नाही."

मी डोकं धरायला निघाले. तात्यानं विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि दुसरा पाय गजांतून सरळ पिंजऱ्यात घातला. कुत्रं उठलं आणि पाय चाटायला लागलं.

"चावलं! डॉक्टर, परत चावलं!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात घातला.

"आक्का, रजिस्टर आणा. लिहा, आजपासून दहा दिवस."