गुण्यामिस्त्रींचा उंबरा

चाळीस वर्षं लोकांच्या दारांच्या चौकटी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या न्हाणीघरात एक चौकट उभी करता येऊ नये, म्हणजे काय म्हणायचं! गुण्यामिस्त्रींचं डोकं सकाळपासून तापलं होतं. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या सदा हातात, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव आता घरातही कोणी घेत नव्हतं.

चार वाजता बायको दवाखान्यातून घरी यायची होती. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिची अंघोळ दुसऱ्याच्या हातून. "लेकीसमोर उघडं बसायची वेळ आली हो माझ्यावर," म्हणून ती रडली होती, आणि ती काही उठसूट रडणारी बाई नव्हे. पाय उचलून टबात जाणं आता जमणार नव्हतं. म्हणून मिस्त्रींनी टब फोडून काढला. त्या कोपऱ्यात शॉवरचा बंदिस्त कप्पा करायचा, तिला एकटीला अंघोळ करता यावी असा. लेक म्हणाली, "बाबा, तयार मिळतो, आणू या."

"तयार? का, मी मेलोय?"

पण ती भिंत! ओळंबा सोडला तर दोरी वर भिंतीला टेकलेली आणि खाली दोन बोटं लांब.

"कुठल्या गाढवानं बांधलीय ही?"

"तुम्हीच उभं राहून बांधून घेतलीत," लेक म्हणाली.

"तू गप गं!"

फटीत लाकडाच्या चिपा ठोकल्या, काढल्या, पुन्हा ठोकल्या. शेवटचा लांब स्क्रू घरंगळत जाळीतून खाली गेला. हातोडी नेमकी अंगठ्यावर बसली. जेवायला हाक मारली तर मिस्त्री लेकीच्या अंगावर खेकसले. साडेतीनला एकदाची चौकट गुण्यात बसली, सूतभरही फरक नाही. प्लास्टिकचे पत्रे ठोकले, दार लावलं. ते अलगद मिटलं, म्हणून उघडून परत मिटवून पाहिलं.

बायको वॉकर टेकत आली ती थेट न्हाणीघराशी. "छान झालंय हो," म्हणाली आणि तिथंच थांबली.

"मग जा ना आत!"

तिनं वॉकर पुढे सरकवला. तो खालच्या लाकडावर टक्कन आदळला. चार बोटं उंच, तासून गुळगुळीत केलेला उंबरा.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पाय उचलत नाही म्हणूनच टब फोडलात ना?"

मिस्त्रींनी वाकून उंबऱ्यावर हात ठेवला. बिनउंबऱ्याची चौकट त्यांनी जन्मात केली नव्हती, हात आपसूक चालला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिडायचं तरी कोणावर? उंबरा गेला की चौकट फाकणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी करवत उचलली आणि जमिनीलगत कापला. चौकट फाकलीच. दार कडीपर्यंत पोचेना.

"राहू दे, उद्या बघू," लेक म्हणाली.

"आजच," बायको म्हणाली.

ती आत जाऊन स्टुलावर बसली. मिस्त्री बाहेरून दार दाबून, पाठ करून उभे राहिले.

"हात काढू नका हं."

"नाही काढत."

उंबरा नसल्यानं पाणी दाराखालून वाहत त्यांच्या पायांशी आलं. आत काहीतरी पडलं.

"काय झालं गं?"

"काही नाही. साबण पडला होता," आतून आवाज आला. "माझा मी उचलला."

"बरं, आटप मग. मोजे भिजले माझे," मिस्त्री खेकसले, आणि दार आणखी घट्ट दाबून धरलं.