साडूभाऊंचं चाक

इंदूरच्या माणसाला गप्प बसवणं मुळातच कठीण, पण लोकांना इंग्रजीत बोलतं करायचा ध्यास घेतलेल्या इंदुरी माणसाला गप्प बसवणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. असा एक माणूस नात्यात असला की बाकीच्या सगळ्या कटकटी किरकोळ वाटू लागतात. माझ्या वाट्याला तो साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि नोकरीभर त्यांची ख्याती एकच होती : त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. निवृत्तीच्या तोंडावर शाळेनं त्यांना कसल्याशा ऑनलाइन प्रशिक्षणाला बसवलं. तिथे कुणीतरी त्यांना सांगितलं की भाषा खेळातून येते, बडबडीतून येते, चुकण्यातून येते. शहाणा माणूस हे ऐकतो, मान डोलावतो आणि चहा प्यायला जातो. साडूभाऊंनी ते मनावर घेतलं.

हे सगळं माझ्यापासून लांब चाललं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण पीथमपूरच्या ज्या कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळतो, तिथे परदेशी ग्राहक आला आणि त्याची तपासणी व्हिडिओ कॉलवर व्हायची ठरली. आजवर माझं काम हिंदीत आणि ईमेलवर भागत आलं होतं. इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं. बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. साहेबांनी फार गोड शब्दांत सांगितलं की तपासणी मला झेपत नसेल तर विभाग नव्या इंजिनिअरकडे द्यावा लागेल. हा विभाग मी दोन टेबलांपासून उभा केलेला. घरी येऊन मी बायकोजवळ हे बोललो, तिनं बहिणीला फोन केला, आणि दुसऱ्या संध्याकाळी माझं नाव साडूभाऊंच्या चाकावर चढलं.

हे चाक म्हणजे त्यांच्या विजय नगरातल्या फ्लॅटमधल्या फुकट वर्गाचं दैवत. टीव्हीला लॅपटॉप जोडलेला, टीव्हीवर रंगीबेरंगी चाक, चाकावर सगळ्यांची नावं. सगळे म्हणजे दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी एक मुलगी, साड्यांच्या दुकानातला एक सेल्समन, वरच्या मजल्यावरच्या केक करून विकणाऱ्या भाभी आणि आता मी. ज्याच्या नावावर चाक थांबेल त्यानं उठून बोलायचं. "बघू या आज कुणाची पाळी," असं साडूभाऊ रोज इतक्या उत्कंठेनं म्हणत की जणू चौघांतून एक नाव निघणं हा चमत्कार आहे. चाक थांबलं की टाळ्यांचा आवाज येई आणि पडद्यावर रंगीत कागद उडत. मोबाइलवर प्रश्नमंजूषा असे; तिच्यातल्या घड्याळाच्या टिकटिकीनं मला येत असलेली उत्तरंही पळून जात. शिवाय प्रत्येकानं आपला आवाज रेकॉर्ड करून वर्गाच्या ऑनलाइन भिंतीवर चिकटवायचा आणि इतरांनी त्याखाली बदाम काढायचे. वयाच्या पन्नाशीत माझ्या 'गुड मॉर्निंग'ला बदाम मिळाले, यापेक्षा आणखी काय व्हायचं राहिलं होतं?

घरातली एकही वस्तू या माणसानं सोडली नव्हती. फ्रीज, कढई, झाडू, सगळ्यांवर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या. देव्हाऱ्यावरची चिठ्ठी ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, काढून टाकली, तेव्हा ती का काढली हे इंग्रजीत सांगा म्हणून हे अडून बसले. ताईंनी "नो" एवढंच सांगितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या वर्गातलं सगळ्यांत स्वच्छ इंग्रजी तेच होतं. एका रविवारी सकाळी तर आम्हा चौघांना पोह्यांच्या दुकानावर नेलं. अट अशी की पोहे, शेव आणि जिलबी हे तीन शब्द न उच्चारता इंग्रजीत पोहे मागायचे. मी पिवळं म्हणालो, चपटा तांदूळ म्हणालो, हातांनी वाफ काढून दाखवली. मागे रांग तुंबलेली. दुकानदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, साडूभाऊंना विचारलं, "भिया, इनकी तबीयत तो ठीक है?" आणि माझ्या हातात कचोरी ठेवली. साडूभाऊंनी तिथल्या तिथे मला शाबासकी दिली, कारण मी शेवटपर्यंत हिंदीत घसरलो नव्हतो. कचोरीचे पैसे मीच दिले.

पण मला खरं जेरीस आणलं ते पळापळीच्या खेळानं. लिफ्टशेजारच्या भिंतीवर इंग्रजी मजकुराचा कागद चिकटवायचा. जोडीतला एक हॉलमध्ये पेन घेऊन बसणार. दुसऱ्यानं कागदापर्यंत धावत जायचं, वाक्य वाचून डोक्यात ठेवायचं, धावत परत येऊन जोडीदाराला सांगायचं, आणि त्यानं ते उतरवायचं. कागद हॉलमध्ये आणायचा नाही, तिथून ओरडायचं नाही. माझा गुडघा दुखतो हे सांगितलं तर म्हणाले, ते वाक्यही इंग्रजीत येऊ द्या. मी पोट सांभाळत फेऱ्या मारत असताना लिफ्टमधून उतरणारे शेजारी 'आग लागली का' म्हणून विचारत. साडूभाऊंचं म्हणणं असं की धापा टाकणाऱ्या माणसाला व्याकरणाची काळजी करायला सवड नसते.

तपासणी चार दिवसांवर आली तेव्हा माझा तोल सुटला. मी म्हटलं, हे पोरखेळ पुरे, मला उत्तरं लिहून द्या, मी पाठ करतो. माझी नोकरी पणाला लागलीय आणि तुम्ही मला लिफ्टपर्यंत पळवताय. ते रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीवर बसले आणि चष्मा पुसत राहिले.

"विनायकराव, सगळी नोकरी मी पोरांना 'चुप बैठो' म्हटलं," ते म्हणाले. "उत्तरं लिहून दिली, त्यांनी पाठ केली, मार्कही आणले. आता राजवाडा चौकात भेटतात, पाया पडतात, पण इंग्रजीचा एक शब्द निघत नाही तोंडातून. त्यांना चुप मी बसवलंय. तुम्हाला नाही बसवणार." साडूभाऊ उठले आणि लिफ्टजवळ नवा कागद चिकटवायला गेले.

तपासणीच्या दिवशी पडद्यावर एक मऊ आवाजाच्या बाई आल्या. सुरुवातीलाच त्यांनी भट्टीवरचं तापमान आत्ता किती आहे ते विचारलं. भट्टी शेडच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे नेटवर्क येत नाही म्हणून लॅपटॉप माझ्या टेबलाला वायरनं बांधलेला. नवा इंजिनिअर अदबीनं म्हणाला की माहिती ईमेलनं पाठवू. बाई म्हणाल्या, आत्ताच हवी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी धावलो. आकडा वाचला, धावत आलो, सांगितला. त्यांनी विचारलं, शेजारच्या तक्त्यावर काय लिहिलंय? पुन्हा धावलो. वाक्य अर्धंच लक्षात राहिलं, तेही सांगितलं, उरलेलं आणायला परत गेलो. मग त्या विचारत गेल्या आणि मी धापा टाकत सांगत गेलो. भट्टी आधी कुठे होती, का हलवली, माल का परत आला होता, सगळं. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे सगळं मी इंग्रजीत बोललो होतो. विभाग माझ्याकडेच राहिला.

पेढे घेऊन गेलो तर साडूभाऊंनी आधी 'किती फेऱ्या झाल्या?' असं विचारलं, आणि मग सगळी हकिगत पुन्हा इंग्रजीत सांगायला लावली. ती पुरी होईपर्यंत पेढ्यांचा डबा उघडू दिला नाही.

यंदा ताई आणि ते मुलाकडे पुण्याला गेले आणि वर्ग लॅपटॉपवर आला. रिसेप्शनवाल्या मुलीला बंगळुरूला मोठ्या हॉस्पिटलात काम लागलं. सेल्समनला विमानतळावरच्या दुकानात जागा मिळाली, त्याची पाळी संध्याकाळची. भाभींच्या ऑर्डरी इतक्या वाढल्या की त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. सगळे बोलू लागले आणि आपापल्या कामाला लागले. पडद्यावरचे चौकोन एकेक करून विझले. मलाही आता वर्गाची गरज उरलेली नाही. दर महिन्याला त्या बाईंशी बोलतो, घसा कोरडा पडत नाही. बायको रोज विचारते, मग बसता कशाला? मी चिडून सांगतो की मलाही तोच प्रश्न पडलाय, आणि सात वाजले की लॅपटॉप उघडतो.

पलीकडे साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असतात. पडद्यावर चाक येतं. ते आता एकाच रंगाचं आहे आणि त्यावर एकच नाव आहे, माझं. "बघू या आज कुणाची पाळी," ते म्हणतात आणि बटण दाबतात. चाक गरगर फिरू लागतं, आणि ते थांबेपर्यंत आम्ही दोघंही गप्प बसून त्याच्याकडे बघत राहतो.