पहिलं पाणी

कल्पना करा, प्रभुभोजनात द्राक्षारसाचा प्याला ज्या कापडाने पुसला, ते तुम्हाला धुवायचं आहे. त्याचं पहिलं पाणी नालीत टाकायचं नाही. पवित्र द्राक्षारसाचा थेंबही घाणीत जाऊ नये म्हणून ते झाडाच्या मुळाशी ओतायचं. नर्मदाकाठच्या शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या लहानशा चर्चमध्ये मनोरमाबाई साळवे ही सेवा वर्षानुवर्षं हौसेने करतात. मदतीला मात्र कोणी टिकत नव्हतं. शेवटी कॉलेजात शिकणारी एकता आली, आणि पहिल्याच रविवारी तिने ते पाणी नालीत ओतलं.

"मावशी, मुझसे नहीं होगा. आता मी येतच नाही," ती रडू लागली.

मनोरमाबाई हसल्या. "रडून काहून राहिली? नाली शेवटी नर्मदेलाच जाते ना? प्रभूला काय नर्मदा परकी आहे? चल, दुसरं कापड भिजव."

एकताने डोळे पुसले आणि कापड हातात घेतलं. रडणाऱ्या पोरीला असं कामाला लावणं बाईंनाच जमावं.

पण ती घरी गेल्यावर त्यांनी पाद्रीसाहेबांना गाठलंच.

"साहेब, मी पोरीला बोलून तर बसले. पण नालीत गेलेलं ते पाणी प्रभूला खरंच चालेल का हो?"