पंचांग प्रणाम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी लिहिताना हात अडतो आहे.

आईच्या श्रद्धेबद्दल आमच्या कॉलनीत अजून बोलतात. ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मीच उभं राहून सांगितलं होतं — शेवटच्या वर्षी ती तासन्‌तास बुद्धमूर्तीपुढं पंचांग प्रणामात असायची. गुडघे, कोपरं, कपाळ जमिनीला टेकलेलं. लोकांनी हात जोडले. मी खोटं बोललो का? प्रणाम तर सगळ्यांनी पाहिला होता. मग?

ती टँकरची वर्षं होती. शहर बिडकीन गावाच्या दिशेनं पसरत चाललं होतं आणि आमच्या नव्या कॉलनीला नळ नव्हते. मी कॉलेजात शिकवायचो, घरी आलो की पुस्तकात. पाणी आई भरायची. भरून झालं की मूर्तीपुढं वाकायची. शेजारच्या कमलमामी दारातून ओरडायच्या, “अवं माय, आमच्या वाटची वंदनाबी तुम्हीच उरकली का काय?”

“मंग! तुम्हाला टँकरवरच्या भांडणातून येळ कुठंय?” आई वाकल्या वाकल्या जमिनीशीच बोलायची. सगळे हसायचे. मीही.

पण वंदनेत माणूस गाथा म्हणतो. तिचे ओठ हलत नव्हते. हे मला दिसत नव्हतं — की मी पाहत नव्हतो?

एका दुपारी मी लवकर घरी आलो. आई स्वयंपाकघरात होती, भिंतीकडं तोंड करून — मूर्तीकडं पाठ. तशी पाठ तिनं कधी केली नव्हती. गुडघे पोटाशी, कोपरं फरशीवर, तोंडात पदराचा बोळा. त्यातून येणारा आवाज कसला आहे, हे कळायला शिक्षण लागत नाही.

आणि मी काय केलं? तेच सांगायचं आहे. पाय न वाजवता मी मागं फिरलो. बाहेर जाऊन फाटक जोरात आपटलं, खोकलो, चपला सावकाश काढल्या — तिला सरळ व्हायला वेळ मिळावा म्हणून. आत आलो तेव्हा ती गॅसपाशी उभी होती. “आलास व्हय? च्या टाकते.” मी चहा प्यालो आणि वाचत बसलो. त्यानंतर रोज फाटक आपटूनच घरात शिरलो.

विचारलं असतं तर दवाखाना, रजा, पाण्याचे ड्रम — सगळं माझ्याकडं आलं असतं. हे मला तेव्हाही नीट कळत होतं.

उलट्यांनी ती कोसळली तेव्हा कुठं तिला दवाखान्यात नेलं. पलंगावरही ती तशीच, कोपरांवर दुमडलेली. “आई, नीट झोप,” मी म्हणालो. डॉक्टरबाईंनी मला अडवलं, तिच्या छातीखाली उशी सरकवली. मग हळू आवाजात समजावलं — स्वादुपिंड पोटात अगदी मागं, कण्यालगत असतं. ते सुजलं की उताणं झोपवत नाही. असं पुढं वाकलं की कळ जरा ओसरते.

मी बघत राहिलो. कुणी शिकवलं होतं तिला हे? ज्या अवयवाचं नावही तिनं ऐकलं नव्हतं, त्याच्याभोवती तिनं आपल्या सबंध देहाचा आडोसा उभा केला होता — एकटीनं, चाचपडत. आणि दुखणं कुणाला दिसू नये म्हणून तो नेऊन ठेवला होता मूर्तीपुढं. इतकं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

“असं किती दिवसांपासून वाकतायत?” बाईंनी मला विचारलं.

“आजच पाहिलं,” मी म्हणालो.

आईनं उशीवरून मान वळवली. माझ्याकडं नाही, डॉक्टरांकडं.

“व्हय,” ती म्हणाली, “आजच.”

डॉक्टरबाई पुढच्या पलंगाकडं वळल्या. मी त्यांना थांबवलं नाही.